मनोर आलं का?

तुमच्या आईला विचारून हे लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. पण त्यांना वाचता येईल असं लिही, आणि स्वतःला सांभाळून घेऊ नकोस." मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून आधी इंग्रजीत लिहायला बसले. दोन पानं झाली. वाचून पाहिली तर त्यात माझं वागणं फार सभ्य दिसत होतं. ती पानं फाडून टाकली.

आधी मनोरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तुमची आई लहान असताना आम्ही तारापूरला वीज केंद्राच्या वसाहतीत राहायचो. दर मे महिन्यात माझ्या माहेरी, नाशिककडे जायचो. तुमच्या आजोबांची जुनी जीप होती. बोईसर ते पालघर रस्ता सरळ, तिथवर तुमची आई गाणी म्हणायची. पालघर सोडलं की खिंडीतली वळणं सुरू व्हायची आणि तिचा चेहरा पिवळा पडायचा. मनोरला आम्ही चहाला थांबायचो, तिला लिंबू सरबत मिळायचं. त्यामुळे खिंडीत शिरल्यापासून तिचं एकच सुरू व्हायचं, "आई, मनोर आलं का?" त्याचा अर्थ, मला उलटी होणार आहे, गाडी थांबवा. आजोबांना मध्ये थांबायला आवडत नसे. मग मी म्हणायची, "आलंच हं. पुढच्या वळणावर." पुढच्या वळणावर मनोर कधीच नसायचं. ती डोळे मिटून ओठ घट्ट धरून बसायची. बहुतेक वेळा मनोरपर्यंत पोचायची. "बघ, जमतं की नाही तुला," मी म्हणायची. आपण मुलीला सोसायला शिकवतो आहोत, असं आम्हा दोघांना वाटायचं.

आता मोठीला उद्देशून लिहिते, कारण पुढची गोष्ट तुझ्या जन्माची आहे.

तुझ्या वेळी तुझी आई सातव्या महिन्यात परदेशातून इथे आली. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. मी वसाहत सोडून पालघरला राहायला आले होते. तिने येताना दोन पानी बर्थ प्लॅन आणला होता. कण्यात भुलीची सुई नको, दुखणं कमी करायचं इंजेक्शन नको, बाळाचे बाबा सतत जवळ हवेत, आणि सोबतीला डूला हवी. डूला म्हणजे बाळंतिणीजवळ बसून तिला धीर देणारी, कंबर दाबणारी, शिकलेली बाई. मी ती पानं वाचली आणि व्याकरणाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. तुझी आई म्हणाली, "आई, तुला यात एवढंच दिसलं?"

मला आणखी बरंच दिसलं होतं. ती अर्धवट सोडणारी मुलगी आहे, असं माझं मत होतं. गाणं तीन वर्षांत सोडलं, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं, पहिलं ठरलेलं लग्नही सोडलं. हेही सुटेल असं वाटलं. आणि सुटू नये असंही वाटलं, अगदी मनापासून.

डूला वसईहून आली. पस्तिशीची, साधी, कामाची बाई. दुपारी चहा घेताना तिने आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, "कळा वाढल्या की त्या सुई मागतीलच. सगळ्याच मागतात. 'मरते मी, द्या आता' असं ओरडल्या तर आपण फक्त धीर द्यायचा. पण एक शब्द ठरवून ठेवू. एरवी त्या खोलीत कुणाच्या तोंडी येणार नाही असा. तो शब्द आला, की त्यांना खरंच हवी आहे. मग वाद घालायचा नाही. काकू, कुणीच नाही."

तुझी आई हसून म्हणाली, "मनोर."

तुझ्या बाबांना मी जीपची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे उलटीचाच पासवर्ड!" आम्ही खूप हसलो.

कळा सुरू झाल्या तो शुक्रवार होता. बोईसरला शुक्रवारी कारखाने बंद असतात आणि दुरुस्तीसाठी वीजही घालवतात. सकाळी नऊला आम्ही तिथल्या एका लहान नर्सिंग होममध्ये पोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डूलाला आत येऊ द्यायचं कबूल केलं होतं. जनरेटरवर दिवे आणि एक पंखा चालत होता. कारखाने बंद असले तरी हवेला तो नेहमीचा औषधी, घशात बसणारा वास होताच. मी वहीत कळांच्या वेळा लिहीत होते.

खोलीत एक आयामावशी होती, किनाऱ्यावरच्या गावातली. तिने डूलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "ही कोन हाय?"

"डूला."

"डोला? आमची चार झाली बाय. डोला नाय नि पालखी नाय." पण थोड्या वेळाने तीच डूलाला म्हणाली, "जरा खाली दाब. माकडहाडाजवल. हां, तितं."

बाळाची पाठ आईच्या पाठीकडे होती, म्हणून सगळ्या कळा कमरेत येत होत्या. तुझे बाबा समोर उभे राहिले होते आणि ती त्यांच्या गळ्यात लटकली होती. डूला मागून दोन्ही तळव्यांनी कंबर दाबत होती. दुपारपर्यंत तिघंही घामाने भिजले. बारानंतर तुझी आई ओरडू लागली. सुई द्या म्हणाली, मला फसवलंत म्हणाली, तुझ्या बाबांच्या दंडाला चावली. डूला प्रत्येक वेळी तेच म्हणत होती, "ही एकच. आत्ताची एकच." दोघांनी तिला एक क्षणही सोडलं नाही, हे तू लक्षात ठेव.

मी भिंतीशी खुर्चीवर बसले होते. मला माझं बाळंतपण आठवत होतं. तालुक्याच्या दवाखान्यात एका आयाने माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता. माझी आई दाराबाहेरून म्हणत होती, "कळ सोस, बाई, कळ सोस." मला काय हवं ते कुणी विचारलं नव्हतं. कुणी शब्द ठरवून दिला नव्हता.

साडेतीनला डॉक्टरीणबाई तपासून गेल्या. सहा सेंटीमीटर. दोन तासांपूर्वीही सहाच होतं. गरम पाण्याची पिशवी गार झाली होती आणि गीझर बंद, म्हणून डूला समोरच्या चहावाल्याकडे पाणी आणायला गेली. तुझ्या बाबांना खाली बोलावलं. खोलीत मी, तुझी आई, आणि फरशी पुसणारी मावशी, एवढ्याच उरलो.

ती कुशीवर पडली होती. दोन कळांच्या मध्ये तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. ओरडली नाही. लहान आवाजात म्हणाली, "आई, मनोर आलं का?"

मी म्हणाले, "आलंच हं. पुढच्या वळणावर."

ते सवयीने निघालं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. सवयीने निघालं हे खरं आहे. पण निघाल्यावर मला दुरुस्त करता आलं असतं.

मावशीने मान वर केली. "मनोरला कोन ऱ्हातं तिचा?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "बडबडते आहे."

तेवढ्यात तुझे बाबा धावत वर आले. "आई, भूल देणारे डॉक्टर निघालेत. इथलं सिझेरियन झालं त्यांचं, आता पालघरला दुसरं आहे. गेले की रात्रीपर्यंत येणार नाहीत. घ्यायची असेल तर आत्ताच सांगा म्हणतायत. ती काही म्हणाली का?"

पुढची कळ सुरू झाली होती. तुझ्या आईचे डोळे मिटलेले होते.

मी म्हणाले, "नाही."

ते खाली सांगायला गेले. मी खिडकीतून त्या डॉक्टरांची पांढरी गाडी फाटकाबाहेर पडताना पाहिली. अजूनही हाक मारता आली असती. मी वहीत ३.४० लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली.

का, ते सांगते. कण्यातल्या सुईची मला भीती वाटत होती. इथवर आली आहे, आता हातचं जाऊ नये, असंही वाटत होतं. ती नंतर पस्तावेल, पुन्हा एक गोष्ट अर्धी राहिली म्हणून रडेल, असं वाटत होतं. आणि एक कारण असं, जे मी इंग्रजीत लिहूच शकले नव्हते. मला नव्हतं मिळालं, मग हिला का?

तू संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आलीस. म्हणजे त्यानंतर साडेतीन तासांनी. तुझ्या आईने त्या साडेतीन तासांत पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही, की काही मागितलंही नाही. शेवटी तिचा आवाजच गेला होता. ती पार मागपर्यंत फाटली. टाके घालायला तासभर लागला. मावशी रक्ताचे कपडे भरलेली बादली घेऊन जाताना मला म्हणाली, "लय सोसलान् पोरीनं." तुझे बाबा जिन्यात बसून रडत होते. डूला त्यांच्या शेजारी बसली होती. ती मला म्हणाली, "काकू, शब्द म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते."

मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी घरी तू अंगावर पीत होतीस. आईला सरळ बसता येत नव्हतं. दीड महिना आलंच नाही. एका बाजूला रेलून ती म्हणाली, "आई, मला मधलं काही आठवत नाही. मी मनोर म्हटलं का गं?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

तिचे डोळे भरून आले. "म्हणजे एक तरी गोष्ट मी पूर्ण केली," ती म्हणाली.

शेजारच्या बाया बाळंतविडा घेऊन आल्या, त्यांना ती हेच सांगायची. तिकडे परत गेल्यावर मैत्रिणींना सांगत राहिली. फोनवर माझ्यासमोर कितीदा सांगितलं असेल. मी ऐकून घेत होते.

मग तीन वर्षांनी धाकट्याची वेळ आली. आता तुझ्याबद्दल, बाळा.

माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, मला तिकडे जाता आलं नाही. सकाळी मी भाजी निवडत होते तेव्हा तुझ्या बाबांचा फोन आला. मागे यंत्रांचा आवाज होता. "आई, अठरा तास झाले. डॉक्टर म्हणतायत सुई घ्या, जरा झोप मिळेल, नाहीतर अंगात जोर उरणार नाही. ही ऐकत नाही. म्हणते, तेव्हा एकदाही मनोर म्हटलं नाही, आता कशाला म्हणू. तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकेल."

मी म्हणाले, "फोन तिच्या कानाला लाव."

तिचा श्वास ऐकू आला. मी म्हणाले, "तू म्हटलं होतंस. बोईसरला. तीन चाळीसला. डूला पाण्याला गेली होती. मी ऐकलं, आणि याने विचारलं तेव्हा नाही म्हणून सांगितलं. नंतर तुलाही खोटंच सांगितलं."

मी सगळं वेळेसकट, क्रमाने सांगितलं. मला तसंच सांगता येतं.

 मग मला तिचा आवाज आला, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. तिथल्या नर्सला ती इंग्रजीत सांगत होती, मला सुई हवी आहे, आत्ता. मग फोन बंद झाला. दुपारी तुझ्या बाबांनी तुझा फोटो पाठवला. आईचा नव्हता.

त्यानंतर ती दर रविवारी फोन करत राहिली. तब्येत विचारायची, औषधं विचारायची, आणि दोन मिनिटांत फोन तुम्हा दोघांसमोर धरायची. तुम्हाला वाटत असेल, आई आजीशी एवढं कमी का बोलते. म्हणून हे लिहिलं.

मागच्या डिसेंबरात तुम्ही सगळे आलात. मी विमानतळावर न्यायला आले होते. मनोरला हायवे सोडून आपण पालघरच्या रस्त्याला वळलो, तेव्हा तुमची आई पुढच्या सीटवर होती. धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता आणि मोठी माझ्या शेजारी. खिंडीच्या अलीकडे, मोठे, तुझा चेहरा पिवळा पडला. तू विचारलंस, "आजी, किती राहिलं?"

माझ्या तोंडून निघालं, "आलंच हं..."

"अर्धा तास आहे," तुझी आई पुढून म्हणाली. मागे वळली नाही. "अजून पूर्ण अर्धा तास आहे. गाडी थांबवायची का तुला?"

तू हो म्हणालीस. गाडी कडेला घेतली. ती उतरली, तुझ्या बाजूचं दार उघडलं, आणि गवतात वाकून तुझं कपाळ धरून उभी राहिली. मी धाकट्याला घेऊन आत बसून होते.