सशासाठी सगळ्यात जाड काडतूस

जन्माची शाकाहारी असून मी एकदा सशाला मारायला बंदूक मागितली होती, असा माझा मूर्खपणा. मेथी निवडताना तो कडसर वास आला की अजून हसू येतं. तेव्हा मी साठीची होते, पण अक्कल यायची होती. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला लेकीकडे राहत होते. ती मेथीसाठी झुरायची, म्हणून शेजारच्या डच आजोबांच्या शेताकडेला मी वाफा केला, तर रानससे कोंब फस्त करायचे. आजोबा परवाना असलेले शिकारी, म्हणून त्यांच्याकडेच बंदूक मागितली. त्यांनी कॉफीच्या कपाशेजारी तीन काडतुसं उभी केली आणि विचारलं, "बोला, कुठलं?" भरताचं वांगं निवडावं तसं मी सगळ्यात जाड उचललं. "अहो, हे हरणाचं! सशाचं काही उरणार नाही, आणि नेम चुकला तर गोळी पार पलीकडच्या गाईंपर्यंत जाईल," म्हणत त्यांनी सगळ्यात बारीक, पॉइंट टू टू बोअरच्या बंदुकीचं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ओल्या गवतात दबा धरून बसलो. ससा आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि आमची बोळक्या तोंडाची नात पोळी चघळायची तसं पान चघळू लागला. आजोबांनी नेम धरला आणि मला खोकला आला, चांगला तीनदा. ससा पसार! "थंडी बाधली हो," मी घसा धरून म्हणाले. आजोबांनी बंदूक रिकामी केली, मला हात देऊन उठवलं आणि म्हणाले, "शेजारीणबाई, सगळ्यात मोठं काडतूस तुमच्या घशात होतं. उद्या मी नुसती कॉफी घेऊन येतो."