शुक्रवारची आखणी

पुण्याहून पेणची एसटी सकाळी सहाला सुटणार होती आणि मी सवयीप्रमाणे सव्वापाचलाच फलाटावर जाऊन उभा होतो. इतकी वर्षे मास्तरकीत शाळेची घंटा सांभाळलेल्या माणसाची ही खोड पेन्शन लागली तरी जात नाही. पहाटे चारला उठून शास्त्रपाठ आणि प्रार्थना, मग चहा. शुक्रवारी दिवे लागेपर्यंत उपवास. आणि झोपण्यापूर्वी वहीत दिवसभराच्या चुका. हे सगळे मी नेमाने पाळतो, म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाच्या आचरणाचा प्रश्न निघाला की पाळक माझ्याकडेच बघतात. या वेळीही तसेच झाले. निघताना बायकोने पिशवीत बायबल ठेवले, वही ठेवली आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या चुका बघायला निघालात, मग स्वतःची वही कशाला?" मी ऐकू न आल्यासारखे केले.

प्रकरण असे होते. रोह्याला कंपन्यांत कामाला आलेली आमची वीसेक कुटुंबे एका घरात जमून उपासना करतात. पाळकांना तिथे महिन्यातून एकदाच जाणे जमते. बाकीच्या रविवारी शमुवेल नावाचा एकजण पेणहून जाऊन प्रार्थना चालवतो. त्याला रीतसर नेमावे असा अर्ज आला. पाठोपाठ तिथल्याच मार्थाबाईंचे पत्र आले: हा माणूस पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवतो, त्याने आमची प्रार्थना चालवायची का? मी जाऊन पाहायचे आणि होय की नाही ते रविवारी तिथेच सांगून यायचे. मला ते सोपे वाटले होते. मूर्ती घडवू नये, पुजू नये, ही दहा आज्ञांतली आज्ञा मला लहानपणापासून पाठ आहे.

घाट उतरून खोपोली गेली आणि हवा दमट झाली. पेणला उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. पत्ता विचारत एका गल्लीत शिरलो, तर दोन्ही बाजूंना ओट्यांवर, फळ्यांवर, पत्र्याखाली मूर्ती वाळत मांडलेल्या. सगळ्या पांढऱ्या आणि एकीलाही डोळे नाहीत. एवढ्या जणांमधून चालतो आहोत आणि कुणीच आपल्याकडे बघत नाही, याने मी जरा बावरलो. कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घातली. नंतर वाटले, कुणाला दिसू नये म्हणून?

कारखान्याचे मालक नाना साठीचे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, बोटांना वाळलेली माती. मी कोण, कशाला आलो, हे त्यांना शमुवेलने आधीच सांगून ठेवले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "मास्तर पुण्यासून आलेत गो, पोहे आण." मी शमुवेलला भेटायला उठलो, तर त्यांनी हाताने थांबवले.

"आता नाय. तो आखणीला बसलाय."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढण्याचे काम. परदेशी जाणाऱ्या मूर्ती लवकर रवाना होतात, म्हणून ते होळीच्या आधीच सुरू झाले होते. पत्र्याच्या शेडच्या टोकाला कमरेएवढ्या मूर्तीसमोर एक किडकिडीत माणूस पाटावर बसला होता. गुडघ्यावर ब्रश, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. कुणीतरी रेडिओ बंद केला. दहा-बारा माणसे काम करत होती, पण कुणी बोलत नव्हते. मग त्याने डोळे उघडले, श्वास रोखला आणि एक रेघ ओढली. मग दुसऱ्या डोळ्याची. दोन्हींत केसाचा फरक नाही. पोह्यांची बशी हातात घेऊन मी बघत राहिलो. इतका वेळ मूर्ती कुणाकडे बघत नव्हती, ती आता माझ्याकडे बघू लागली होती.

नाना हळू आवाजात सांगत होते. आखणाऱ्याने त्या दिवशी उपाशी असावे, ही त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. पण हल्लीच्या कारागिरांना नऊ वाजले की वडापाव लागतो. शमुवेल तेवढा शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत काही घेत नाही, म्हणून मोठ्या मूर्ती सगळ्या शुक्रवारवर ठेवतात.

"त्याचा देव त्याला उपाशी ठेवतो," नाना म्हणाले, "नि माझ्या देवाचं काम चोख होतं."

एवढ्यात शमुवेल उठून आला. मला सलाम केला, खाली बसला आणि नानांच्या बायकोने पुढे केलेला चहा हात जोडून परत केला. "शुक्रवार हाय ना, वहिनी."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. बशी रिकामी झाली होती. लिंबू पिळून, वरचे खोबरे चमच्याने निपटून मी पोहे संपवले होते. इतक्या वर्षांत हे कधी घडले नव्हते. शमुवेलने बशीकडे पाहिले आणि लगेच भिंतीकडे पाहू लागला. त्याने ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले, याची मला फार लाज वाटली.

दुपारी शेडमागच्या बाकावर आम्ही दोघेच बसलो. त्याचे वडील पेणलाच कंपाउंडर होते. ते अकाली गेले तेव्हा नानांच्या वडिलांनी पोराला कामावर घेतले आणि हातात ब्रश दिला. तेव्हापासून हेच काम. मी त्याला विचारले, आखणीआधी डोळे मिटून काय मागतोस?

"हात हलू नये म्हणून मागतो, सर. नि माफी मागतो."

"कशाची?"

"तेच कळत नाय. माफी मागण्यासारखं काय असेल तर, असं म्हणतो." तो थोडा थांबला. "तुम्ही सोड म्हणालात तर सोडीन. दुसरं काय येत नाय मला, पण सोडीन. फक्त स्पष्ट सांगा."

स्पष्ट सांगण्यासाठीच तर मी आलो होतो. उत्तर पुण्याहून तयार करून आणले होते. पण तोंडाला लिंबाची चव होती. "रविवारी सांगतो," एवढेच म्हणालो. शनिवारचा सगळा दिवस लॉजच्या खोलीत वही उघडून बसलो. एका पानावर होय लिहिले, खोडले. दुसऱ्यावर नाही लिहिले, तेही खोडले.

रविवारी सकाळी आम्ही दोघे पेणहून रोह्याच्या गाडीत बसलो. डबा अर्धा रिकामा होता. उजवीकडे खाजणे (खाडीचे पाणी शिरणाऱ्या जमिनी) पसरली होती आणि दूर मिठाचे ढीग उन्हात चमकत होते. शमुवेल स्तोत्र वाचत होता. समोर टोपली घेऊन बसलेल्या बाईने त्याला ओळखले.

"अवंदा आमच्या गणपतीचे डोळे तूच काढ हां, दादा. गेल्या साली दुसऱ्यानं काढले, तर तो सारखा दाराकडं बघायचा."

"काढतो गो ताई," तो म्हणाला आणि पुन्हा स्तोत्रात बोट घालून वाचू लागला. मला हसूही आले आणि भीतीही वाटली. एकाच तोंडातून स्तोत्र आणि हा होकार, दोन्ही इतक्या सहज कशी निघतात? नागोठणे गेले तरी मी त्याच विचारात होतो.

रोह्याची उपासना मार्थाबाईंच्याच मुलाच्या घरी भरते, हे मला तिथे गेल्यावर कळले. पत्र लिहिणाऱ्या बाई कडक असतील असे मला वाटले होते. निघाल्या बुटक्या, हसऱ्या, नगरकडच्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवले आणि वालाचे बिरडे ढवळत शमुवेलचे गुणच सांगायला लागल्या. मुलाला कावीळ झाली तेव्हा हा रोज कामावरून सुटून पेणहून येत असे. मग पत्र का लिहिलेत, असे मी विचारले. त्यांनी पळी बाजूला ठेवली.

"माझ्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. भावकीनं बोलणं टाकलं. आई गेली तेव्हा तिच्या माहेरचं माणूस आलं नाही, आम्हीच चौघांनी तिला नेली. शमुवेलचं चालत असेल, तर ते सगळं कशासाठी होतं, एवढं मला सांगा मास्तर."

मी बिरड्याकडे बघत राहिलो.

अकरा वाजता पडवी भरली. रात्रपाळीहून आलेले दोघे भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. गीत झाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो. आधी सांगितले, की शुक्रवारी मी पोहे खाल्ले आणि शमुवेल उपाशी होता. कुणी हसले नाही. मग सांगितले, की मला होय म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. एवढे बोलून मी खाली बसलो. शमुवेलची मान खाली होती. स्पष्ट सांगा म्हणून त्याने विनवले होते आणि मी तेवढेही केले नव्हते.

शेवटी मार्थाबाई म्हणाल्या, "प्रार्थना त्यानंच चालवावी. पण मी डोळे मिटणार नाही."

"चालेल, आजी," शमुवेल म्हणाला.

त्याने डोळे मिटले आणि शेडमध्ये बसला होता तसाच, काही न बोलता, थांबला. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडून पाहिले. मार्थाबाई ताठ बसून त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. रागाने नव्हे. मग त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले आणि त्यांनी हनुवटीनेच मला खूण केली: तुम्ही मिटा.

पुण्याला परतल्यावर पाळकांनी विचारले, काय ठरले? मी मार्थाबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, हा काही निर्णय झाला नाही. मी म्हटले, रोह्याला तो झाला आहे, मलाच अजून कळलेला नाही. शमुवेल रविवारी प्रार्थना चालवतो, शुक्रवारी आखणी करतो, आणि मार्थाबाई अजून डोळे उघडे ठेवून बसतात, असे ऐकतो.

माझा उपवास त्यानंतर एकदाही मोडलेला नाही. वहीत मात्र चुका पूर्वीसारख्या भराभर लिहिता येत नाहीत; कशाला चूक म्हणावे, तिथेच पेन अडते. पहाटे चारला प्रार्थनेला बसतो आणि डोळे मिटले की ती गल्ली दिसते, दोन्ही बाजूंना पांढऱ्या मूर्ती, अजून आखणी न झालेल्या. मग मी आधी माफी मागतो. कशाची, ते मलाही सांगता येत नाही.