धवलारणीची निवडणूक

गुणाबाई म्हणजे आमच्या भागातली धवलारीण. धामणकर नाक्यापासून चालत अर्ध्या तासावर तिचं गाव. त्या गावाच्या खालच्या आळीत असं एकही लग्न झालं नव्हतं, ज्यात हळदीपासून वरातीपर्यंत तिने धवले गायले नाहीत. मुहूर्त टळला तरी चालेल, पण गुणाबाईचा घसा बसला तर लग्नच पुढे ढकला, असं लोक म्हणत. आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून.

अशा बाईला राजकारणाशी काय देणंघेणं? पण अठ्ठ्याहत्तर साली ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि खालच्या आळीचा तुळशीराम पुन्हा एकदा छत्री निशाणीवर उभा राहिला. गावात नळ आला होता, तो वरच्या आळीत. खालच्या आळीच्या बायका अजून तळ्यावरून हंडे वाहत होत्या. निवडून आलो तर नळ खाली आणतो, एवढा एकच शब्द तुळशीरामाने दिला होता. मागच्या खेपेला तो नऊ मतांनी आपटला होता, आणि त्याचं कारण ऐकलंत तर कपाळाला हात लावाल.

झालं असं, की मतदानाच्या खोलीत साहेबांनी यादी पुढे धरून बायकांना नाव विचारलं. बायका गप्प! यादीतलं नाव म्हणजे लग्नात नवऱ्याने तांदळात लिहिलेलं, ते त्या ताटातच राहिलं. पुढे जन्मभर ती कुणाची सून, कुणाची आई, नाहीतर माहेरच्याच नावाने हाक. मग साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं. बायकांनी पदर पुढे ओढला आणि माना खाली घातल्या. नवऱ्याचं नाव, तेही परक्या पुरुषासमोर? विरुद्ध पार्टीतर्फे वरच्या आळीचे भाऊ आत बसले होते. त्यांनी लगेच हरकत घेतली, "ही तीच बाई कशावरून?" बावीस बाया बोटाला शाई न लावता परत आल्या. आल्या त्या थेट हंडे घेऊन तळ्यावर गेल्या.

म्हणून या वेळी तुळशीराम मतदारयादी घेऊन गुणाबाईच्या ओट्यावर येऊन बसला.

"मावशी, भिंती रंगवल्या, टेम्पोवर भोंगा लावला. पन त्या बावीस जनींचं काय करू?"

"वाच यादी," गुणाबाई म्हणाली. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती.

"जानकी पंढरी."

"ती आपली गोदू. पंढरीनं तांदलात नाव लिवलं तवा मीच तिच्या बाजूला व्हते."

"पार्वती नवशा."

"चंद्रा! दुसरी कोन?"

तासाभरात बावीसच्या बावीस सापडल्या. काही नावं तर खुद्द नवरेही विसरले होते. गुणाबाईला मात्र नावाबरोबर त्या त्या लग्नात कोण रुसलं होतं तेही आठवत होतं. मागच्या वेळी आपण हिला विचारलंच नाही, या विचाराने तुळशीरामाने स्वतःच्या गालात मारून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून तळ्याच्या काठावर तालीम सुरू झाली. गुणाबाई उपड्या हंड्यावर साहेब होऊन बसायची आणि एकेकीला दरडावायची. स्वतःचं नाव बायकांना दोन दिवसांत पाठ झालं. नवऱ्याच्या नावापाशी मात्र घोडं अडलं.

"मावशी, मना न्हाय जमाचं," गोदू रडकुंडीला आली. "त्यांचं नाव तोंडातून निघतच न्हाय."

"मग लग्नात कसं निघालं व्हतं?"

"तवा तं उखाना घेतला व्हता."

गुणाबाई ताडकन उठली. इतक्या झटक्यात की हंडा गडगडत पाण्यात गेला. "अगं मग सायबालाबी उखानाच दे!"

झालं! आठ दिवस खालच्या आळीत दुसरा विषय नाही. भाकऱ्या थापताना उखाणे, मासे निवडताना उखाणे. प्रत्येकीचा वेगळा, गुणाबाईने बेतून दिलेला. ताकीद एकच होती, की उखाण्यात छत्री येता कामा नये. आत प्रचार केलास तर सगळंच मुसळ केरात!

मतदानाच्या दिवशी गुणाबाई शाळेबाहेर, चुन्याच्या रेषेपलीकडे उभी राहिली. घरचंच लग्न असल्यासारखी ती टाचा उंचावून खिडकीकडे बघत होती. पहिली गोदू आत गेली. साहेबांनी विचारलं. मग खिडकीतून आवाज आला:

"खाडीच्या पाण्याला भरतीचा जोर,
पंढरीचं नाव घेते सायबांच्या समोर!"

साहेबांचं पेन हातातच राहिलं. भाऊ खुर्चीतून उठले. "सायेब, ही शाला हाय का लग्नाचा मांडव?"

"नाव सांगितलं ना?" साहेब यादीवर खूण करत म्हणाले. "ते कसं सांगावं, असा नियम काही मला सापडत नाही. लावा शाई."

बाहेर रांगेत जी आरोळी उठली ती वरच्या आळीपर्यंत गेली. मग काय, एकीमागून एक! चंद्राने तर कहर केला. गुणाबाईचा उखाणा बाजूला ठेवून तिने स्वतःचाच ठोकला:

"मीठ लावलं बोंबलाला, हलद लावली माशाला,
मत द्याला आले मी, न विचारता नवशाला!"

पोलिसाला हसू आवरेना. बाहेर उभ्या नवशाला तोंड कुठे लपवावं कळेना. बाविसावी बाई शाईचं बोट नाचवत बाहेर आली तेव्हा गुणाबाईला आनंदाने रडू येत होतं.

"मावशी, आनी तुमचं मत?" गोदूने विचारलं.

गुणाबाई स्वतःलाच विसरली होती! वेळ संपायला पाच मिनिटं होती. ती पळतच आत गेली.

"नाव?"

"गुणाबाई." तांदळातलं नाव हाकेतही टिकलं अशी आळीत ती एकटीच.

"पतीचं नाव?"

आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. बावीस उखाणे रचले, त्यात स्वतःसाठी एकही नव्हता. सावळाराम जाऊन बारा वर्षं झाली होती. धवले गायचं तिने सोडलं नव्हतं, पण उखाणे सुरू झाले की ती आपणहून मागे सरकायची. त्या नावावर आता आपला हक्क नाही, असं तिला वाटायचं.

"सांग की गुणाबाई," भाऊ म्हणाले. "आज घसा बसला काय?"

तिने मान वर केली.

"सावळाराम," ती म्हणाली. मग धवल्याच्या आवाजात, चुन्याच्या रेषेपलीकडे ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली, "सावळाराम! लिवा."

भाऊंनी नजर खाली वळवली. "बरोबर हाय, सायेब," ते हळूच म्हणाले. "सावळारामाचीच ही."

तुळशीराम चौदा मतांनी निवडून आला. गुलाल इतका उधळला की तळ्याचं पाणी दोन दिवस लाल होतं. वर्षाच्या आत नळ खालच्या आळीत आला आणि पहिली तोटी उघडायचा मान गुणाबाईला मिळाला. पाणी आलं तशा बायका सवयीने ओरडल्या, "नाव घ्या, नाव घ्या!" ओरडल्या आणि चपापून गप्प झाल्या. गुणाबाई मात्र या वेळी मागे सरकली नाही. भरलेल्या हंड्यावर हात ठेवून ती म्हणाली:

"दारात आला नल, हंडा भरला काठोकाठ,
सावळारामाचं नाव घेते, मान माजी ताठ."