न ऐकता उतरवलेलं गाणं

२००६च्या ऑक्टोबरमध्ये केंब्रिजमधल्या एका ध्वनिसंग्रहात मी एका मेणाच्या सिलिंडरवरचं गाणं कॉम्प्युटरवर उतरवलं. ते गाणं मी ऐकलं नाही.

सिलिंडर म्हणजे कॉफीच्या मगाएवढी पोकळ नळी. तबकड्यांच्या आधी आवाज अशा नळ्यांवर कोरत. आमची नळी एका ब्रिटिश मोहिमेने ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून आणली होती. तिथल्या एका माणसाला भोंग्यासमोर बसवून त्यांनी गायला लावलं, आणि नळी बोटीने इंग्लंडला आली. तिचं पुढे काय होणार, हे त्या माणसाला कोणी सांगितलं नसावं. डब्यावर त्याचं आणि त्याच्या ठिकाणाचं नाव मात्र होतं.

त्या नावावरून त्याचा नातू आमच्यापर्यंत पोचला. वय सत्तरीच्या पुढे, अंगात कोणाचा तरी ढगळ ओव्हरकोट. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना ‘अंकल’ म्हणतात. सगळं ऑफिस त्यांना अंकल डग म्हणू लागलं. मराठी घरात काका-मामा म्हणतच वाढल्यामुळे ही सवय मला करावी लागली नाही.

“मशीन कोण चालवणार?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“पुरुष कोणी नाही?”

माझी बॉस हेलन ताठ झाली. अंकल ओशाळले. “राग मानू नका. हे पुरुषांचं गाणं आहे. मुलगा वयात आला की त्याला देतात. बाईच्या कानावर पडायचं नसतं.”

त्यांच्या वडिलांना लहानपणीच मिशनच्या वसतिगृहात नेलं होतं. तिथे स्वतःची भाषा बोलायला बंदी होती. वडिलांना अर्धं गाणं आठवत होतं, तेवढंच अंकलना आलं. पूर्ण येणारं आता कोणी उरलं नव्हतं. गावची पोरं मात्र वाट बघत होती.

हेलनने मला बाहेर बोलावलं. “वैशाली, न ऐकता ट्रान्सफर म्हणजे डोळे मिटून दाढ काढणं.”

ती बरोबर होती. सुई कोणती लावायची, किती दाबायची, हे आम्ही कानाने ठरवतो. त्यात नळीला चीर होती आणि बुरशी लागलेली होती. सुई फिरली की मेण झिजतं. ही नळी एकदाच वाजेल, असा माझा अंदाज होता. हे काम येणारा दुसरा इंजिनीअर रजेवर होता आणि अंकलचं विमान शुक्रवारी होतं.

“कान त्यांचे वापरू,” मी म्हटलं. “मी स्क्रीन बघते.”

“आणि बिघडलं तर?”

“तर रिपोर्ट मी लिहीन.”

“तो तू लिहिणारच आहेस,” हेलन म्हणाली आणि स्टुडिओची किल्ली दिली.

स्पीकर बंद केले. हेडफोन अंकलच्या कानाला लावले. एवढ्याने भागत नाही, कारण सुई स्वतःही बारीक आवाज करते. छपराचं काम करणाऱ्या बिल्डरकडून मी कान झाकायचे डिफेंडर मागून आणले, आत बोळेही घातले. खुणा ठरवल्या: अंगठा वर म्हणजे ठीक, मूठ म्हणजे थांब.

“तू विमानतळावरच्या माणसांसारखी दिसतेस, पोरी,” अंकल म्हणाले. त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही.

सुई टेकवली. स्क्रीनवर आधी नुसती खरखर, म्हणजे जाड पट्टा. मग त्यातून आवाजाचे उंचवटे वर आले. अंगठा वर. अंकलनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले, तसं त्यांनी स्वतःच दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरलं.

मध्यावर स्क्रीनवर एकाच आकाराचे उंचवटे पुन्हा आले. मग पुन्हा. हा गाण्यातला पालुपदाचा भाग होता, की सुई चिरेत अडकली होती? कानाने हे एका क्षणात कळतं. मी अंकलकडे पाहिलं. डोळे मिटलेले, अंगठा वरच. मी आकार ताडून पाहिले. मागची खरखरसुद्धा दर वेळी हुबेहूब तीच होती. माणूस तेच पुन्हा गाईल, पण खरखर तशीच्या तशी परत येत नाही. मी मऊ ब्रशने सुईला किंचित पुढे ढकललं. उंचवटे बदलले. अंकलनी डोळे उघडले आणि जोरात होकारार्थी मान हलवली.

नळी शेवटपर्यंत वाजली. काढताना चिरेपाशी तिचे दोन तुकडे झाले.

मी डिफेंडर काढले. अंकल तोंडावरून हात फिरवत होते.

“मध्ये मला वाटलं, आजोबा विसरले,” ते म्हणाले. “आमच्या घरात कोणी असं अडखळत नाही.”

“अडखळले नाहीत, अंकल. चीर होती.”

“तेच म्हटलं.”

पुढचं सगळं आलं का, हे मला विचारायचं होतं. त्यांनीच सांगितलं, “आलं.”

हेलनने फाइलला कुलूप लावलं. त्यांच्या परवानगीशिवाय ती कोणाला मिळणार नाही, अशी नोंद केली. अंकल दोन सीडी ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात घालून गेले.

पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला. हेलन कशी आहे, तुमच्याकडे थंडी किती, असं चाललं होतं. मागे पोरांचा गलका होता. अचानक तो थांबला.

“गायला बसले,” अंकल म्हणाले. “फोन ठेवतो, पोरी.” आणि त्यांनी फोन ठेवला.