दुआतून गळलेलं नाव

वाशीमहून मंगरूळपीरची एसटी धरली तेव्हा भाषण डोक्यात तयार होतं. गाझा जळत असताना तेलाचे सौदे करत बसलेल्या अरब सत्ताधीशांना मी सोडणार नव्हतो. खिडकीबाहेर हरभरा सोंगून मोकळी झालेली रानं तापत होती.

सभा ठरवणारे युसूफचाचा दर्ग्याजवळ शिवणकाम करतात. मशीन थांबवून म्हणाले, "सभा नाही होत, भाऊ."

"पोलिसांनी अडवलं?"

"पोलिसायले कोन भेते! म्याच नाही म्हनलं."

त्यांचा इम्रान आखातातल्या एका देशात एसी दुरुस्त करतो. रमजानमध्ये इथली इफ्तारची (रोजा सोडतानाची) दुआ कोणीतरी मोबाइलवर टिपून बाहेरदेशी गेलेल्या पोरांना पाठवतं. तीही तिकडून आमीन म्हणतात. गेल्या शुक्रवारी इमामसाहेब फिलिस्तीनसाठी (पॅलेस्टाइनसाठी) मागता मागता रडले. इम्राननं ती दुआ कामगारांच्या छावणीत सगळ्यांना पाठवली. तिथल्या पोलिसांनी त्याला उचलून नेलं. तेव्हापासून फोन बंद.

"अरब देशात? दुआसाठी?"

"आपल्यावाल्यायचा देश म्हनून तर बिनघोर होता तो! इथं असता तं धा डाव इचार केला असता."

"चाचा, गप्प बसल्यानंच तर हे राजे माजलेत."

"तुमचं लगन झालं काय?"

"नाही."

"म्हनून!" ते हसले, मग हसू विरलं. "तुमी इथं तोंड उघडसान, फोटो निंघन, अन् तिथं माह्या पोराचं कुलूप घट्ट होईन."

संध्याकाळी त्यांनी मला मशिदीत नेलं. पुढ्यात खजूर, टरबूज, कांद्याची भजी. हात कोणी लावला नव्हता. इमामसाहेबांनी आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेच्या पोरांसाठी, परदेशी असलेल्यांसाठी. मग थांबले. चाचांकडे पाहिलं. चाचांची मान खाली. इमामसाहेब फिलिस्तीनचं नाव न घेता पुढे गेले. सगळे आमीन म्हणाले. मीही.

स्टँडवर चाचा खिडकीशी आले. "अल्लाले तं मनातलंबी आयकू येते." मग खिडकीचा गज धरून, "येते ना, भाऊ?"

"येतं," मी म्हणालो. मी देव मानत नाही.

गाडी सुटली. सत्ताधीश वेगळे, जनता एक, असं आम्ही संघटनेच्या पत्रकांत लिहितो. ते मी आजही मागे घेणार नाही. पण समुद्रापलीकडच्या एका राजानं शिपाई न पाठवता मंगरूळपीरच्या मशिदीतला एक शब्द नेला होता, आणि तो आम्हीच गुमान काढून दिला होता.