बाळाच्या वाटचा चमचा

भिंगरी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते. धागा दाताने तोडते आणि दुसऱ्याने तोडला तर रागावते. माप घेताना गिऱ्हाइकाच्या पोटावर शेरा मारते. हसायला लागली की शिलाई वाकडी जाते. रोजची गोळी चुकवत नाही. ती मात्र पूर्वी पडद्याआड घ्यायची.

त्या गोळीचं तिने मला माझ्या कमरेचं माप घेताना सांगितलं.

"एचआयव्ही आहे मला. नवऱ्यालाही. घरात बाकी कुणाला ठाऊक नाही. श्वास सोड गं, माप चुकतंय."

मी साहित्याची पदवीधर, तिच्याकडे काज-बटणं करायला येते. मी श्वास सोडला.

बाळ झालं तेव्हा दवाखान्यातल्या ताईंनी बजावलं होतं. गोळी चालू ठेव, आणि पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध दे. वरचं दूध नाही, काढा नाही, पाण्याचा थेंबही नाही. सरमिसळ झाली तर आजार बाळाकडे जायचा धोका वाढतो.

सांगायला सोपं. पण घरात सासूबाई, आत्येसासूबाई, आणि भिंतीपलीकडून कान लावून शेजारच्या काकू.

"पाणीसुद्धा नाही? बाळ आहे की उंट?" आत्येसासूबाईंनी विचारलं.

"डॉक्टर म्हणालेत, आत्या."

"डॉक्टरला किती पोरं?"

डॉक्टरांचं लग्नच व्हायचं होतं. भिंगरी मशीनकडे वळली. खरं कारण सांगितलं तर या घरात राहता येईल याची तिला खात्री नव्हती.

आणि एका दुपारी सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या. हातात साखरपाण्याचा चमचा. बाळाने आ केलेला. पुढच्या खोलीतल्या मशीनवरून भिंगरी उठली, गळ्यात टेप तशीच. तिने सासूबाईंचं मनगट धरलं, आपल्याकडे वळवलं आणि चमचा स्वतः पिऊन टाकला.



"ही काय तऱ्हा?" आत्या ओरडल्या.

"आई खाते तेच बाळ पितं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग मी प्यायले की त्याला पोचलंच."

आत्यांना आपले शब्द गिळता येईनात. "म्हणाले होते खरी," त्या पुटपुटल्या.

मग काय! चढाओढच लागली. काकूंचं बडीशेपेचं पाणी, आत्यांचा कडू काढा, सासूबाईंचं बकरीचं दूध, सगळं भिंगरीच्या घशात. "बाळाला सर्दी आहे, अजून एक घोट घे!" ती नाक दाबून घ्यायची. एवढ्या घोटांत, दूध वाढायची म्हणून, गोळीही पडद्याबाहेर आली. सासूबाईच हाक मारायच्या, "अगं, तुझी दुधाची गोळी राहिली!" मला ठसका लागायचा.

बाळ सहा महिन्यांचं झालं. रक्त तपासलं. आज फोन आला तेव्हा ती मशीनवर होती. ताई म्हणाल्या, आजार नाही. दूध सुटल्यावर एकदा शेवटचं तपासू, पण आत्ता निर्धास्त राहा.

भिंगरीने बाळाला उचललं. मग आत्यांना धरून गरागरा फिरवलं.

"सोड, मेले! झालं तरी काय?"

"वजन वाढलंय!"

"कुणाचं?"

"दोघांचं!"

आणि ती बाळाला घेऊन नवरा कामाला आहे त्या कारखान्याकडे पळाली. चपलाही न घालता.

मशीनवर बँकेतल्या साहेबांनी बाह्या बदलायला अंगातून काढून दिलेला शर्ट पडला आहे. एक बाही लागली आहे. साहेब नुसत्या बनियनवर बसून दुसरीची वाट बघत आहेत.