नवमीला धुतलेले चंबू

गावाकडं कुणी विचारलं, 'कॉलेजात काय काम असतं तुमचं?' तर आश्रुबा 'सायन्सला हाय' एवढंच सांगायचा आणि पुढचा माणूस गप्प बसायचा. सायन्सला म्हणजे परभणीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला. ते सांगायची त्याला लाज नव्हती, गरज वाटत नव्हती इतकंच. एकतीस वर्षांत त्याच्या हातून चार परीक्षानळ्या फुटल्या होत्या आणि त्यातली एक मांजरानं पाडली होती. महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता.

या प्रयोगशाळेत योगिनी पीएचडी करत होती. सेलूच्या मास्तरांची मुलगी, बोलायला गोड आणि कामाला वाघ. आश्रुबाला ती मामा म्हणायची आणि काय चाललंय ते त्याला समजेल असं सांगायची. एवढे मोठमोठे सर होऊन गेले, पण ही तसदी दुसऱ्या कुणी घेतली नव्हती.

"मामा, आमटीवर तेलाचे गोल तवंग दिसतात ना? तसलेच थेंब समजा, पण आतून पोकळ. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीला असंच स्निग्ध आवरण असतं."

त्या पोकळ थेंबांत ती रंग भरायची आणि वरून सोन्याचे कण सोडायची. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. कण आवरणाला नुसते चिकटले तर रंग आतच राहायचा. आवरण फाटलं तर रंग बाहेर यायचा आणि यंत्रावरची रेघ वर चढायची. न फाडणारा कण उद्या औषध वाहून न्यायला कामाचा, फाडणारा धोक्याचा. सोन्याचं ते पाणी लालभडक दिसायचं. आश्रुबानं हे घरी सांगितलं, तेव्हा त्याची बायको तानुबाई म्हणाली, "मंग तसलं सोनं नगं मला."

दोन वर्षं रेघ सपाट होती. पण सपाट रेघेचं कौतुक कोण करणार? योगिनीचे मार्गदर्शक सारंग सर 'यात नवीन काय?' म्हणून नाक मुरडायचे.

मग खंडेनवमी आली. कुणी नांगर पुजतो, कुणी मोटरसायकल. आश्रुबा दरवर्षी काचेचे चंबू पुजायचा. नोकरीतली ही शेवटची नवमी, प्राचार्यही येणार होते, आणि चंबूंवर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग. धुवायचं आम्ल संपलेलं. भिंतीवर योगिनीच्या अक्षरात पाटी होती, 'साबण नको. सात वेळा पाणी.' आश्रुबानं ती वाचली, इकडंतिकडं बघितलं आणि कपड्याच्या पावडरीनं चंबू घासले. नळाला पाणी नव्हतं. कॅनमधल्या उरलेल्या शुद्ध पाण्यानं एकदा विसळले. चंबू असे लख्ख निघाले, की प्राचार्यांनी त्यांच्यासोबत फोटो काढला.

दसऱ्यानंतर योगिनीनं सोन्याचं ताजं पाणी त्यातल्या एका चंबूत काढून ठेवलं आणि रेघ उठली ती उभीच. तिनं तीनदा करून पाहिलं, तेच. सोनं आवरण फाडतं, हे नवीन होतं; सारंग सरांनी पेढे आणले. सोमवारी पुण्याच्या परिषदेत योगिनी हे मांडणार, मोठ्या मासिकात छापून येणार. आश्रुबानं दोन पेढे खाल्ले. पोरीचं भलं झालं म्हणून त्याला मनापासून आनंद झाला होता.

शनिवारी तो सोनपेठला घरी गेला. तानुबाईनं येसर आमटी केली होती. तो जेवत असताना तिनं रिकाम्या पातेल्यात पाणी घालून ते समोरच घासायला घेतलं. पातेल्यातल्या पाण्यावर तवंग फिरत होते. तिनं चिमूटभर कपड्याची पावडर टाकली आणि तवंग बघता बघता फाटून गेले.

आश्रुबाचा घास हातातच राहिला.

"काय झालं? तिखट हाय का लय?"

"न्हाई. मला परभणीला जावं लागतंय."

"आत्ताच तर आलात."

त्यानं हात धुतला आणि स्टँड गाठलं. एसटीत त्याला बसवेना. गंगाखेडला गाडी थांबली तेव्हा तो तीनदा खाली उतरला नि तीनदा वर चढला, शेवटी कंडक्टर वैतागला. कशाला सांगायचं? कुणाला कळणार आहे? चार दिवसांनी शाल-श्रीफळ घ्यायचं, एकतीस वर्षांचं नाव घ्यायचं आणि घरी यायचं. असं ठरवलं, की जरा बरं वाटायचं. मग ती पोर पुण्यात शंभर शहाण्यांपुढं उभी दिसायची आणि तो पुन्हा गाडीत चढायचा.

योगिनी प्रयोगशाळेत बॅग भरत होती.

"ताई, नवमीला म्या चंबू साबणानं धुतले. पाणी नव्हतं, एकदाच विसळले."

योगिनीनं बॅग तशीच सोडली. कपाटातून नवमीचा एक न वापरलेला चंबू तिनं काढला, त्यात नुसतं शुद्ध पाणी ओतून हलवलं. सोन्याचा एक कणही नाही. त्यातलं थोडं पाणी तिनं रंग भरलेल्या थेंबांत सोडलं. आश्रुबानं डोळे मिटून खंडोबाला हात जोडले. रेघ उठू नये, एवढंच मागणं होतं.

डोळे उघडले तेव्हा रेघ वर चढत होती.

योगिनी स्टुलावर बसली. बॅगेतले पुण्याचे कागद काढून तिनं टेबलावर उलटे ठेवले. ते बघून आश्रुबाला वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सरांना माझं नाव सांगा," तो म्हणाला.

"सांगणारच आहे." तिनं डोळे पुसले. "सोमवारी सपाट रेघच दाखवीन. दोन वर्षांची आहे, खरी आहे." मग उठून तिनं आम्लाची नवी बाटली आणि सगळे चंबू त्याच्यापुढं आणून ठेवले. "मामा, हे परत धुवा."

"मी?"

"मग कोण? उद्या सकाळी मला पुन्हा मोजायचंय. तुमच्याशिवाय कुणाच्या हातचं मी वापरलंय का कधी?"

आश्रुबा बेसिनशी उभा राहिला. आम्ल झालं, मग पाणी. एक, दोन, तीन, तो मोठ्यानं मोजत होता. पाचव्या पाण्याला त्याचे डोळे भरून आले, तसा तो चटकन मागं सरला. त्यातलं टिपूसही चंबूत पडू द्यायचं नव्हतं. बाहीनं डोळे कोरडे करून त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.